अकरा विजय आणि दोन पराभव : गणपतराव देशमुख यांची विधानसभेतील कारकीर्द

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव तेथील हनुमान मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. येथून नागपूर सत्तर किलोमीटरच्या आत येते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत या भागाचा आमदार त्याच नागपुरातील विधानसभेत बसत असे, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा हे मराठीभाषक तालुके मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ झाली आणि सभागृहाची भाषा हिंदी. पुढे २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण तो फार नंतरचा भाग.

हे सांगण्याचा हेतू सीमावादाची जुनी कैफियत उगाळणे हा नाही. लोकप्रतिनिधीच्या कामाचा विचार करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ती ही की, सभागृह, राजधानी, भाषा आणि सीमा यांपैकी काहीही बदलले की प्रतिनिधीने जमवलेला अनुभव तेथेच तुटतो. कोणत्या खात्यात कोणती फाइल अडली आहे, कोणत्या मंत्र्याने कोणत्या अधिवेशनात काय आश्वासन दिले होते, ही माहिती एका माणसाच्या स्मरणात साठत जाते. ती दुसऱ्या राज्यात उपयोगी पडत नाही. याच्या उलट स्थिती कोठे होती, म्हणजे एकच मतदारसंघ, एकच सभागृह, एकच भाषा आणि एकच प्रतिनिधी अर्धशतक टिकून राहिले असे उदाहरण कोणते, असा शोध घेतला तर मराठी मुलखात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आणि तेथील आमदार गणपतराव देशमुख यांचेच नाव पुढे येते.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. शिक्षणाने वकील. सांगोल्यात वकिली करीत असतानाच ते शेतकरी कामगार पक्षाच्या कामात पडले. १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, ते सांगोल्यातून विधानसभेवर गेले. याच निवडणुकीत बॅ. अब्दुल रहमान अंतुलेही कुलाबा जिल्ह्यातून प्रथम निवडून आले. महाराष्ट्र विधानसभेचे आणि गणपतरावांच्या आमदारकीचे वय असे जवळपास एकच आहे. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे अकरा वेळा ते विजयी झाले. १९७२ आणि १९९५ साली ते पराभूत झाले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

येथे एका प्रचलित चुकीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. वृत्तपत्रांतून त्यांचे वर्णन अनेकदा ‘देशातील विक्रमी आमदार’ असे केले गेले. ते बरोबर नाही. तामिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, आणि केरळचे के. एम. मणी हेही १९६५ पासून एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. गणपतरावांच्या नावावर आहे तो महाराष्ट्रातील विक्रम. त्यांच्या कारकिर्दीची वर्षेही निरनिराळी सांगितली जातात. पराभवाचे कालखंड वगळून हिशेब केला तर १९६२ ते १९७२ ही दहा, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस अशी सुमारे एक्कावन्न वर्षे भरतात. करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले. मणी यांनी केरळचे कितीतरी अर्थसंकल्प मांडले. गणपतराव मात्र या एक्कावन्न वर्षांतील बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर होते. त्यांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे ती या कारणासाठी. सत्तेबाहेरचा आणि लहान होत चाललेल्या पक्षाचा आमदार आपल्या तालुक्याला काय देऊ शकतो?

सांगोला हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तालुका आहे. माणदेशाला लागून असलेला, माण नदीच्या काठचा. ही नदी वर्षातील बहुतेक काळ वाळूचीच असते. मुरमाड माळ, बाजरी-ज्वारी, मेंढ्यांचे कळप आणि पाण्याअभावी होणारे स्थलांतर हे तेथील जुने चित्र. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्या मुलखात घडते तो आटपाडीचा भाग सांगोल्याच्या शेजारचाच. सोलापूर जिल्ह्यात उसाचे राजकारण प्रबळ झाले, साखर कारखाना ज्याच्या हाती त्याच्या हाती तालुका असा प्रघात पडला. पण उसाला पाणी लागते आणि सांगोल्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार. निरा उजवा कालवा ब्रिटिश काळापासूनचा, परंतु सांगोला त्याच्या शेपटाला. फलटण, माळशिरस, पंढरपूर ओलांडून पाणी पुढे सरकले तर सांगोल्याला, असा त्याचा क्रम. ‘टेल टू हेड’ सिंचन ही मागणी शेपटाकडच्या शेतकऱ्याला शब्दशः का कळते, हे या कालव्याकडे पाहिले की ध्यानात येते.

पक्षाचा विचार करू. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून १९४८ साली शेतकरी कामगार पक्षाला आकार दिला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे झालेल्या अधिवेशनातील प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो आघाडीवर होता. पण राज्य मिळाले आणि चळवळीचे वारे ओसरले. १९६२ साली २६४ पैकी २१५ जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या आणि शेकापच्या वाट्याला १५ आल्या. नव्या राज्याने चळवळीतील पक्षाला दिलेली ही पावती होती, आणि अशा वर्षी पस्तिशीच्या आसपासचा एक वकील दुष्काळी तालुक्यातून शेकापच्या चिन्हावर निवडून येतो याला महत्त्व आहे. १९६७ साली पक्षाला १९ जागा मिळाल्या. त्यानंतर उतरती कळा लागली.

१९७२ च्या मार्चमधील निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा घेणाऱ्या काँग्रेसच्या लाटेत गणपतराव पडले. शेकापचे सातच आमदार उरले. त्याच वर्षी पाऊस गेला आणि १९७२-७३ चा दुष्काळ आला. सांगोला तालुका रस्त्यांच्या, नाला बांधांच्या आणि खडी फोडण्याच्या कामावर गेला. म्हणजे तालुक्यावर सर्वांत कठीण वेळ आली तेव्हा त्याचा सर्वांत जाणता माणूस सभागृहाबाहेर होता. पराभूत आमदाराचे दुष्काळात काय काम असते? कामावर हजेरी बरोबर लागते की नाही, मजुरीचे मोजमाप कोण करतो, आठवड्याचा पगार कधी होतो, हे पाहण्याचे. १९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने त्यांना परत पाठवले. पुढील एकवीस वर्षे ही जागा त्यांच्याकडे राहिली. पहिल्या दोन विजयांचे श्रेय काही अंशी पक्षाला आणि चळवळीच्या शिल्लक उष्णतेला देता येईल. १९७४ नंतरचे विजय मात्र त्यांचे स्वतःचे आहेत, आणि त्यांचा पाया दुष्काळी कामावर घातला गेला, असे मानण्यास जागा आहे.

रोजगार हमीचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण ती महाराष्ट्र विधिमंडळाची देशाला देणगी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू केला. दुष्काळाने त्या कल्पनेची गरज सर्वांना पटवली. १९७५ साली शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा केला गेला, १९७७ साली कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली आला, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी. या योजनेच्या बाजूने आणि तिच्यातील खोट्या हजेऱ्यांच्या विरुद्ध सभागृहात सातत्याने बोलणाऱ्यांत शेकाप, समाजवादी आणि कम्युनिस्ट सदस्य होते. सत्ताधारी सदस्याला आपल्याच खात्याची हजेरीपत्रके उघडी करणे अडचणीचे असते. विरोधकाला ते कर्तव्य वाटते.

विरोधी आमदाराची हत्यारे मोजकी असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा. यांतील एकानेही सरकार पडत नाही. परंतु तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर दिले की त्यावर उपप्रश्न विचारता येतो, आणि दिलेले आश्वासन कार्यवृत्तात नोंदले जाऊन आश्वासन समितीकडे जाते. नवा सदस्य प्रश्न विचारून खाली बसतो. जुना सदस्य याच प्रश्नाला चार वर्षांपूर्वी कोणते उत्तर मिळाले होते हे सांगतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, सदस्य तोच असतो. सभागृहाची स्मरणशक्ती म्हणून ज्येष्ठ सदस्याचा जो उल्लेख होतो त्यामागे हा साधा व्यवहार आहे. गणपतराव बोलायला उभे राहिले की दोन्ही बाजूंचे सदस्य ऐकत असत, याचे कारण वक्तृत्व हे नव्हते.

जाता जाता भाषेबद्दल एक निरीक्षण. दुष्काळावरील चर्चेची मराठी शब्दसंपत्ती पाहिली तर ती मोठ्या प्रमाणात अरबी-फारसीतून आलेली आढळते. महसूल, तगाई, अर्ज, दाखला, जमीन, मजुरी, रोजगार, कायदा. ‘आमदार’ या शब्दातही ‘आम’ अरबी आणि ‘दार’ फारसी आहे. आदिलशाही-निजामशाहीच्या दफ्तरांतून हे शब्द गावच्या चावडीपर्यंत उतरले आणि चावडीवरून विधानसभेत गेले. शासनाने पदनाम कोश काढून अनेक शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडणाऱ्याला तगाईला तगाईच म्हणावे लागले. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला महाराष्ट्र विधानसभेतील शेतीविषयक चर्चा परकी वाटणार नाही ती यामुळे. सौंसरच्या शेतकऱ्याचे शब्दही हेच, मात्र ते मांडायचे सभागृह वेगळे.

१९७८ साली शेकापचे १३ आमदार निवडून आले आणि त्या वर्षीच्या जुलैत शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन झाले. शेकाप त्यात सहभागी होता. गणपतराव मंत्री झाले. याच मंत्रिमंडळात मालेगावचे समाजवादी नेते निहाल अहमद हेही होते. विणकरांच्या वस्तीतून आलेला उर्दूभाषक समाजवादी आणि मेंढपाळांच्या तालुक्यातून आलेला शेकापचा वकील एका मंत्रिमंडळात बसतात, हे त्या सरकारचे वैशिष्ट्य होते. ते फार टिकले नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते बरखास्त केले.

१९८० ते १९९५ या काळात दोन कामे उभी राहिली. पहिले सहकारी सूतगिरणीचे. सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. तरी तेथे शेतकऱ्यांची सूतगिरणी निघाली, पुढे महिलांची वेगळी गिरणीही निघाली. कापूस ज्या विदर्भात पिकतो तेथील कित्येक सहकारी सूतगिरण्या बंद पडत असताना कापूस नसलेल्या सांगोल्याची गिरणी चांगल्या व्यवस्थापनासाठी नावाजली गेली, ही गोष्ट सहकाराच्या अभ्यासकांनी मुळातून तपासण्यासारखी आहे. दुसरे काम डाळिंबाचे. १९९० पासून राज्याने फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेशी जोडले. खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतच्या खर्चाला अनुदान मिळू लागले. कमी पाण्यात येणारे डाळिंब सांगोल्याच्या मुरमाड जमिनीला मानवले. ज्या योजनेवर बाप खडी फोडत होता, त्याच योजनेतून मुलाची बाग उभी राहिली. पुढे तेल्या रोगाने या बागांचे फार नुकसान केले हेही सांगितले पाहिजे. तरीही २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधील शालिमारकडे.

पाण्याचा मूळ प्रश्न मात्र कृष्णेच्या खोऱ्याशी जोडलेला होता. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. ते २००० सालापर्यंत अडवले नाही तर हक्क धोक्यात येईल अशी भीती होती. पाणी नदीकाठच्या उसाला मिळणार की डोंगरापलीकडच्या दुष्काळी तालुक्यांना, हा खरा वाद. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. डॉ. भारत पाटणकर यांनी समन्यायी वाटपाचा विचार मांडला. गणपतराव या चळवळीच्या अग्रभागी होते आणि ते विधानसभेतील तिचा आवाज होते. मागणी साधी होती. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा. कऱ्हाडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आटपाडी-सांगोल्यापर्यंत नेण्याच्या योजनेला १९९६ साली मान्यता मिळाली. प्रत्यक्ष पाणी सांगोल्याच्या शिवारात यायला आणखी दीड-दोन दशके लागली. दरम्यान शिरभावीच्या प्रादेशिक योजनेतून ८१ गावांना नळाने पिण्याचे पाणी मिळाले. सांगोल्यातील वयस्क स्त्रियांना विचारले तर त्या सूतगिरणीच्या आधी या नळाचे नाव घेतील.

टेंभूला मान्यता मिळाली तेव्हा गणपतराव आमदार नव्हते. १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला होता. १९७२ चा दुष्काळ असो की टेंभूची मान्यता, तालुक्याच्या पाण्याच्या इतिहासातील दोन निर्णायक वळणांवर ते सभागृहाबाहेर होते. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. प्रतिनिधीच्या कामाचे फळ त्याच्याच कार्यकाळात पदरात पडते असे नाही, आणि पडले नाही म्हणून काम झाले नाही असेही नाही.

१९९९ साली ते पुन्हा निवडून आले. शेकापने विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारला पाठिंबा दिला आणि गणपतराव दुसऱ्यांदा मंत्री झाले. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि ते पुन्हा जुन्या जागी बसले. दोन्ही मंत्रिपदांची मुदत जोडली तरी ती चार-साडेचार वर्षांच्या पलीकडे जात नाही. २००४ साली शेकापचे संपूर्ण राज्यात दोनच आमदार आले. त्यांतील एक सांगोल्याचा होता. २०१२ साली त्यांच्या विधिमंडळ कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सर्वपक्षीय गौरव झाला. २०१४ साली मोदी लाटेत अनेक जुनी घराणी वाहून गेली असताना ते सुमारे २५ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. त्यांचे वय तेव्हा ८७ च्या घरात होते.

त्यांच्या साधेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एसटीने केलेले प्रवास, साधे राहणे, दाराशी सर्वांना मुक्त प्रवेश. हे सर्व खरे आहे, आणि आजच्या आमदारांच्या गाड्यांचे ताफे पाहता ते सांगावेसेही वाटते. पण साधेपणाने कालव्याला पाणी येत नाही. केवळ या गुणावर बोट ठेवून थांबणारे लेख त्यांच्या खऱ्या कामावर अन्यायच करतात.

त्यांच्या कारकिर्दीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. एका माणसाभोवती तालुका उभा राहिला की पक्ष आकसतो. सांगोल्यात शेकाप म्हणजे गणपतराव आणि गणपतराव म्हणजे शेकाप हे समीकरण तालुक्याच्या फायद्याचे ठरले, पक्षाच्या नव्हे. शेजारच्या तालुक्यांत पक्ष वाढला नाही. ज्या धनगर समाजातून ते आले त्या समाजाला त्यांच्यामुळे बळ मिळाले आणि जातीच्या संघटनेऐवजी पक्षाच्या चौकटीत राजकारण करण्याचा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. परंतु तालुक्यात दुसऱ्या फळीचे, त्यांच्या घराबाहेरचे नेतृत्व ते उभे करू शकले नाहीत. दाभाडीच्या प्रबंधात वर्गलढ्याची भाषा करणाऱ्या पक्षाच्या दृष्टीने हे अपयश लहान नाही.

२०१९ साली वयामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापतर्फे उभे राहिले आणि शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी पराभूत झाले. पाटील आता शिवसेनेत होते. चोवीस वर्षांपूर्वी १९२ मतांनी आजोबांना हरवणाऱ्या उमेदवाराकडूनच. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. त्या निवडणुकीत शेकापचा राज्यभरात निवडून आलेला तो एकमेव आमदार.